आमची वाटचाल : दहाच्या आत समुद्र नाही

ठाण्याच्या नौपाड्यात मी स्कूबा डाइव्हिंग शिकवतो. आमच्या गाळ्यात शिरलं की डाव्या हाताला बीसीडी, म्हणजे हवा भरून पाण्यात तरंगवणारी जाकिटं, टांगलेले दिसतात. त्यातला शेवटचा, सगळ्यात छोट्या मापाचा, मी २०१४ साली घेतला. तेव्हा गिऱ्हाईक एक नव्हतं. बारा वर्षं पोहायला शिकवून जमलेला पीएफ मोडला आणि दोन मोठे सेट, एक लहान सेट आणला. बायको म्हणाली, "लहानाचा कशाला? आधी मोठे तरी येऊ देत." पण मोठ्याचा बीसीडी दहा वर्षांच्या मुलाला चढवला की पाण्यात तो खांद्यावरून थेट कानाशी येतो आणि पोर बिथरतं. श्वास घ्यायला तोंडात धरायच्या माउथपीसचंही तेच. मोठा माउथपीस धरून ठेवायला मूल जबडा आवळतं, जबडा दुखला की तोंड उघडतं. मुलांना समुद्र दाखवायचा तर आधी मुलांच्या मापाचं सामान हवं, यावर मी तेव्हाही ठाम होतो.

पहिली चार वर्षं बरी गेली. शनिवार-रविवार तलावात सराव, दिवाळीनंतर कोकणकन्येने कुडाळ आणि तिथून मालवण, मे महिन्यात अंदमान.

मग घोडबंदर रोडला एकाने ऑफिस थाटलं. परका नव्हता. आमच्याच गाळ्यात दोन सीझन बसून फॉर्म भरून घेणारा, गळती थांबवणारी रबरी ओ-रिंग कशी बदलायची हे माझ्याकडून शिकलेला मुलगा. त्याच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत होतं, 'वय वर्षे सहापासून स्कूबा'. दर आमच्यापेक्षा कमी. आणि खाली फोटो माझ्या मुलीचा, पिवळा मास्क लावलेला, माझ्या बायकोने मालवणला होडीतून काढलेला. मी फोन केला तर म्हणाला, "सर, चेहरा कुठे दिसतोय?"

त्याच महिन्यात एका मोठ्या सोसायटीचा ग्रुप आमच्याकडे ठरत आला होता. बावीस माणसं, त्यात नऊ मुलं आणि त्यातली तीन दहाच्या आतली. मी नियम सांगितला. पाडी (PADI) या डाइव्हिंग शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीत आठ वर्षांच्या मुलाला 'बबलमेकर' ही पहिली ओळख करता येते, पण दोन मीटरपर्यंतच, आणि ती मी फक्त तलावात करून देतो. समुद्रात डाइव्ह करायचं मुलांचं कार्ड, ज्युनियर ओपन वॉटर, दहा वर्षांपासून. दहा-अकराच्या मुलांना बारा मीटरची मर्यादा, तीही स्वतः कार्ड असलेले पालक किंवा प्रशिक्षक सोबत असतील तरच. बारा ते चौदा, अठरा मीटर. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, ते घेतात ना सहाची मुलं. तुम्हालाच काय अडचण?" ग्रुप तिकडे गेला. मागोमाग आणखी चार सोसायट्या गेल्या. आम्ही मुलांना नाही म्हणतो, आम्ही भित्रे आहोत, असं माझ्याच विद्यार्थ्यांच्या पालकांकडून माझ्या कानावर आलं. हे मी अजून विसरलेलो नाही.

त्या सीझनला हातात एकच ग्रुप उरला होता. मालवणला पोचलो तर आदल्या रात्री वारा सुटलेला. आमचे होडीवाले काका धक्क्यावर पाण्याकडे बघत उभे. म्हणाले, "पाणी गढूळ आसा. पोरांका आज खाली नेव नको, सर." मी पालकांना पैसे परत केले. आमच्यासमोरून त्या दुसऱ्याची होडी भरून गेली. काकांनी त्या दिवसाचं भाडं घेतलं नाही. मी खिशात कोंबायला गेलो तर हात धरला.

मार्च २०२० मध्ये सगळंच थांबलं. एप्रिल-मेची अंदमानची बुकिंगं रद्द झाली, लोकांचे पैसे हप्त्याने फेडले, बायकोच्या पाटल्या गेल्या. मालवणला अडकलेले आमचे रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारी यंत्रं, काकांनी आपल्या पडवीत ठेवले. दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवायचे. धुण्याआधी फर्स्ट स्टेजची, म्हणजे सिलिंडरला जोडायच्या भागाची, डस्ट कॅप घट्ट लावायची, पाणी आत जाता कामा नये, एवढं मी फोनवर एकदाच सांगितलं होतं. दीड वर्षाने रेग्युलेटर उघडले तेव्हा आत मिठाचा कण नव्हता.

तलाव पुन्हा उघडल्यावर गाळ्यात घंटाळीच्या एक वहिनी आल्या. त्या बावीस जणांत त्याही होत्या. त्यांचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा. कान मोकळे करायला न शिकवताच त्याला खाली नेलं होतं. पाण्याचा दाब पहिल्या एक-दोन मीटरमध्येच कानाला कळतो आणि दहा मीटरवर दुप्पट होतो. मुलांची कानातून घशाकडे जाणारी नळी अरुंद, त्यात त्याला सर्दी. पुढे महिनाभर कानाच्या डॉक्टरांकडे फेऱ्या झाल्या. मुलगा अंघोळीलाही तोंडावर पाणी घेईना.

कानाच्या डॉक्टरांचं पत्र आणायला लावलं आणि मगच तलावात उतरवला. पहिले काही रविवार तो फक्त पायरीवर बसून रेग्युलेटरमधून श्वास घ्यायचा. मग खाली गुडघ्यावर. मी खुणेने विचारायचो, ठीक? तो आनंदाने अंगठा दाखवायचा. आमच्या भाषेत अंगठा म्हणजे 'वर चल'. मी लगेच त्याला वर घ्यायचो. त्याला वाईट वाटायचं, पण वर म्हटलं की वर, हे अंगात भिनलंच पाहिजे. पाचव्या रविवारी अंगठा आणि तर्जनीचं गोल कडं, म्हणजे आमची 'ठीक'ची खूण, करून त्याने ते माझ्या मास्कपुढे धरलं आणि तसंच धरून ठेवलं. काठावर वहिनी रडत होत्या.

दहा पूर्ण झाल्यावर त्याला आम्ही अंदमानातल्या हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) नेलं. मुलांसाठी जागा कशी निवडावी हे मला रोज कुणी ना कुणी विचारतं, म्हणून सांगतो. फोटो बघून ठरवू नका. मूल पाण्यात कसं शिरणार ते विचारा. हॅवलॉकच्या निमो रीफला किनाऱ्यावरून चालत उतरता येतं, तळ हळूहळू खाली जातो, होडीतून पाठमोरी उडी नाही. पहिल्या डाइव्हला याहून मोठं सुख नाही. लक्षद्वीपची खाजणंही (प्रवाळाच्या कड्याआतलं पाणी, लगून) उथळ आणि शांत, पण परमिट आधी काढावं लागतं. कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट सुंदर आहे, पण बोटीचा लांब प्रवास आणि उघडा समुद्र, ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. मालवण चाखून बघायला उत्तम, फक्त पाणी बघून. अंदमानला शेवटचा दिवस कोरडा ठेवा. डाइव्हनंतर विमानाआधी अठरा तास हवेत, तेव्हा सेल्युलर जेल बघा. मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने श्वास ओढायचा. चिकटून राहिला तर तो तुमचा.

त्या वहिनींनी आजवर अकरा कुटुंबं आमच्याकडे आणली. एकालाही सूट मागितली नाही. फॉर्मवर मुलाची जन्मतारीख त्या स्वतः तपासून मगच माझ्या हातात देतात.

काकांची होडी आता त्यांचा मुलगा चालवतो. निघायच्या आदल्या रात्री मी अजूनही काकांनाच फोन लावतो.

घोडबंदर रोडच्या त्या ऑफिसवरचा बोर्ड मध्ये नवा झाला. 'वय वर्षे सहापासून' हे शब्द आता त्यावर नाहीत. पिवळ्या मास्कचा फोटो मात्र तोच आहे. माझी मुलगी आता कॉलेजला जाते, तिची बस रोज त्याच बोर्डावरून जाते.