तेल पुसायचे राहून गेले तेव्हा

व्हार्निशपेक्षा तेलाचे काम सोपे, असे ऐकून असल्यामुळे स्वतः बनवलेल्या पहिल्या सागवानी टेबलासाठी मी जवसाचे तेल निवडले. ते वाळण्याचा वेग वाढवणारे धातूंचे क्षार मिसळलेले, म्हणजे ‘बॉइल्ड’ या नावाने मिळणारे तेल होते. नाव तसे असले, तरी ते उकळलेलेच असते असे नाही. २२० नंबरच्या पॉलिशपेपरने फळ्या घासून घेतल्यावर पहिला हात सढळपणे दिला, पंधरा मिनिटांनी पुसून काढला, आणि सागाचा रंग असा काही उमलला की मला नको तेवढा आत्मविश्वास आला.

दुसऱ्या दिवशी रात्री दुसरा हात तितकाच सढळपणे दिला आणि रात्रभर मुरेल या आशेने न पुसताच झोपलो. मुळात पहिल्या हाताने लाकडाची छिद्रे बरीचशी भरलेली होती, त्यामुळे हे तेल आत न जाता पृष्ठभागावरच साचून राहिले. सकाळी टेबल काचेसारखे चमकत होते, पण बोट ठेवले की चिकटत होते. जास्त तेल पिणारी फळ्यांची कापलेली टोके तेवढी कोरडी होती.

आणखी चार दिवस मी नुसती वाट पाहिली, आणि तीच माझी मोठी चूक ठरली. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायू घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि ते घट्ट होते. थर जाड असला की वर साय धरते, खाली हवा पोहोचत नाही आणि आतले तेल ओलेच राहते. त्यातच सागाच्या अंगचे तेलकट घटक हे वाळणे आणखी लांबवतात.

कोरड्या पॉलिशपेपरने घासून पाहिले, तर तो अर्ध्या मिनिटात गच्च भरला. ताजे तेल चोळून जुने मऊ करण्याचा उपाय पहिल्या दिवशी कदाचित पुरला असता; पाचव्या दिवशी त्याने जेमतेम वरचा चिकटपणा सैल केला. अखेर खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून, टर्पेंटाईनमध्ये भिजवलेल्या नायलॉनच्या घासणीने एका वेळी वीतभर जागा चोळायची आणि सैल झालेला थर लगेच स्वच्छ सुती कापडाने उचलून घ्यायचा, असे करत दीड दिवस गेला. कापड वारंवार बदलावे लागते, नाहीतर काढलेलेच पुन्हा पसरते. पायांच्या सांध्यातील कडक झालेली साय पटाशी आडवी धरून हलक्या हाताने खरवडून काढली.

दुपारी कोपऱ्यात टाकलेला चिंध्यांचा बोळा उचलला, तर तो हाताला कोमट लागला. वाळताना या तेलातून उष्णता निघते आणि गोळा करून ठेवलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात, हे मी वाचलेले होते, पण ती ऊब हाताला लागेपर्यंत मला ते पटले नव्हते. त्या चिंध्या मी लगेच पाण्यात बुडवल्या; तेव्हापासून अशा चिंध्या अंगणात एकेक सुटी पसरूनच वाळवतो.

तीन दिवस टेबल सुकू देऊन ३२० नंबरने हलकेच घासले आणि नव्याने सुरुवात केली. या वेळी पूर्ण फळीला दोन चमचे तेल पुरले. दहा मिनिटांनी आधी आडवे, मग रेषांच्या दिशेने पुसले, आणि तासाभराने तिरप्या उजेडात पाहून छिद्रांतून वर आलेले तेलाचे बारीक थेंब पुन्हा टिपले. असे तीन हात दिले, मध्ये दोन-दोन दिवस सोडून. कापड फिरवल्यावर ते अडखळले, तर आणखी एक दिवस थांबलो.

महिन्याभराने टेबल हलवायला उचलले, तेव्हा बोटे खालच्या बाजूला चिकटली. तिथले आधीचे तेल काढायचे माझ्या ध्यानातच आले नव्हते.