मासे येणार म्हणे

मासे किनाऱ्याशी यायची वाट बघणारी माणसं लगेच ओळखू येतात. हात मागे, नजर पाण्यावर, आणि मधेच कोणीतरी "अरे ते बघ, हललं काहीतरी" म्हणतो, मग सगळे तिकडे माना वळवतात आणि ती साधी लाटच असते. तरी कोणी घरी जात नाही.

सीझन माहीत असतो, दिवस माहीत नसतो, सगळी गंमत तिथेच आहे. कॅलिफोर्नियातल्या ग्रुनियन नावाच्या माशांचं तर चक्क टाइमटेबल छापून येतं, मार्च ते ऑगस्टमधे पौर्णिमा-अमावस्येनंतरच्या रात्री, भरती उतरायला लागली की हे मासे लाटेबरोबर वाळूवर येतात, मादी शेपटीने वाळूत खड्डा करून उभी राहते आणि अंडी घालते. पण टाइमटेबल असून पण नेमक्या कुठल्या बीचवर येतील ते कोणी सांगू शकत नाही, त्यामुळे लोकं टॉर्च घेऊन अर्धी रात्र बसतात आणि मासे पलीकडच्या बीचवर!

मला त्यापेक्षा बिनवेळापत्रकाचे मासे आवडतात. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जून-जुलैच्या सुमारास सार्डिनचे प्रचंड थवे येतात ना, ते. तिथे खरी खबर पक्षी देतात. गॅनेट नावाचे पांढरे पक्षी उंचावरून पंख मिटून धडाधड पाण्यात सूर मारायला लागले की समजायचं आले, खाली डॉल्फिन आणि शार्क आधीच कामाला लागलेले असतात. एखाद्या वर्षी मात्र सगळे तयारीत असतात आणि थवा येतच नाही, किंवा आला तरी लांबून खोल पाण्यातून निघून जातो.

आणि येतात तरी का? या माशांना थंड पाणी मानवतं, तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या जून-जुलैमधे, किनाऱ्यालगत गार पाण्याचा एक पट्टा तयार होतो आणि बाहेर समुद्रात अगुल्हासचा गरम प्रवाह वाहत असतो, त्या गार पट्ट्यातून हे बिचारे उत्तरेकडे सरकत राहतात, पुढे पाणी तापत जातं आणि अडकतात. एका बाजूला जमीन, दुसऱ्या बाजूला गरम पाणी आणि मधे सगळे टपलेले. म्हणजे आपण ज्याला 'आले आले' म्हणून नाचतो ती त्यांच्या दृष्टीने मोठी फसगत आहे, हे वाचल्यापासून माझा उत्साह थोडा कमी झालाय हे खरं, पण वाट बघायची काही सुटली नाही.

हल्ली पाण्याचं तापमान फोनवर दिसतं, वारा कुठून येणार ते पण दिसतं. जाणकार लोकं ते सगळं बघतात आणि मग फोन खिशात टाकून आभाळातले पक्षी शोधत बसतात. माझं पण तेच, पक्षी नुसते तरंगत बसलेले दिसले तर मी सरळ चहा पिऊन येतो.