रेवस ते रेडी: सायकल, रेकॉर्डर आणि खाड्यांचे आवाज

कोकणातल्या खाड्यांचे आवाज रेकॉर्ड करायचे, एकेक खाडी वेगळी ऐकू आली पाहिजे असे, हे माझ्या डोक्यात बरीच वर्षं होतं. यंदा फेब्रुवारीत मामेभाऊ म्हणाला मी पण येतो, मला किनाऱ्याची चित्रं काढायचीयेत, आणि आम्ही दोघं सायकली घेऊन निघालो. भाऊच्या धक्क्यावरून रोरो बोटीने मांडवा (गाड्या नेणारी बोट, सायकल सरळ आत नेता येते), तिथून वर रेवसला जाऊन सुरुवात, आणि मग सागरी महामार्गाने खाली रेडीपर्यंत. महामार्ग नाव असलं तरी बऱ्याच ठिकाणी तो गावातला साधा रस्ता आहे आणि सायकलला तेच बरं पडतं. कागदावर साधारण 540 किलोमीटर, प्रत्यक्षात गावांत शिरत गेलो की जास्तच होतात.

ज्यांना असं काही करायचंय, म्हणजे नुसती राइड नाही तर सोबत काहीतरी बनवायचंय, फोटो, आवाज, चित्रं, काहीही, त्यांच्यासाठी लिहितेय. माझं स्पष्ट मत असं झालंय की यंत्रांनी आपल्या डोक्यातली कटकट उचलायची, वाट कुठली, चार्जिंग किती, भरती कधी, फाइल सेव्ह झाली का, आणि आपले कान-डोळे मोकळे ठेवायचे. हे वाटेत जमत नाही, घरून तयारी करून निघालं तरच जमतं.

आधी वाटेचं. रत्नागिरीच्या वर चार ठिकाणी फेरीबोटीने खाडी ओलांडावी लागते, गावात जंगलजेटी म्हणतात तिला. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे (ही 2003 पासून चालू आहे) आणि तवसाळ-जयगड. मॅपवाली अ‍ॅप्स कधी ही फेरी धरतात, कधी धरत नाहीत, आणि नाही धरली तर दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला खेड-चिपळूण फिरवून शंभरच्या वर किलोमीटरचा वळसा दाखवतात. म्हणून आम्ही घरीच लॅपटॉपवर बीराउटर या वाट आखायच्या साइटवर टप्पे पाडून जीपीएक्स फाइली (आखलेली वाट साठवणाऱ्या) बनवल्या, ओएसएमअँड या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये महाराष्ट्राचा ऑफलाइन नकाशा उतरवून त्यात टाकल्या, आणि दोघांच्याही फोनमध्ये ठेवल्या. शेवटची फेरी किती वाजता हे मात्र कुठल्याही अ‍ॅपवर विसंबून ठरवू नका, आदल्या मुक्कामाच्या काका-काकूंना विचारा, ते थेट जेटीवर फोन लावून देतात. रत्नागिरीच्या खाली बहुतेक सगळीकडे पूल आहेत, तिथे हा प्रश्न नाही.

चढाचं पण आधी बघून ठेवा. नकाशात किनारा सपाट दिसतो पण प्रत्येक खाडीला रस्ता समुद्रसपाटीला उतरतो आणि पलीकडे लगेच सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर, शंभर-दीडशे मीटर चढतो, दिवसातून तीन-तीन चारचार वेळा, आणि वर सड्यावर सावली नाही. जीपीएक्सचा चढ-उताराचा आलेख बघून टप्पा ठरवा, किलोमीटर बघून नाही. आमचे टप्पे पन्नास-साठच्या आसपास होते आणि रेकॉर्डिंगला वेळ हवा असेल तर त्यापेक्षा जास्त नकोच. उत्तरेकडून दक्षिणेकडेच जा, कारण या दिवसांत दुपारनंतर वारा वायव्येकडून येतो, तो पाठीवर घेतलेला बरा.

तोच वारा रेकॉर्डिंगचा मात्र शत्रू आहे. सकाळी अकराच्या आधी जे मिळेल तेच खरं, नंतर खारा वारा सुटला की माइकमध्ये नुसता घूंऽऽ. रेकॉर्डरवर केसाळ विंडशील्ड हवंच, डेडकॅट म्हणतात ते, फोमचं टोपण समुद्रावर काही कामाचं नाही. मी साधा झूम एच1एन नेला होता, पेन्सिल सेलवर चालणारा, कारण पेन्सिल सेल कोकणातल्या कुठल्याही दुकानात मिळतात. सेटिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, याने स्टिरिओला तासाला साधारण 1 जीबी जातो, म्हणजे 32 जीबीचं कार्ड तीस तासांना पुरतं. लेव्हल अशी ठेवा की मोठ्यात मोठा आवाज मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील. लो-कट, म्हणजे खालचे घुमणारे आवाज कापणारं बटण, माणसांच्या बोलण्याला चालू करा पण होडीच्या इंजिनाला बंद ठेवा, नाहीतर त्या इंजिनाची छातीत घुमणारी धडधडच निघून जाते. आणि प्रत्येक ठिकाणी सगळं संपल्यावर एक मिनिट काही न बोलता, न हलता नुसती जागा रेकॉर्ड करा, एडिटिंगला तुकडे जोडताना मधे भरायला तीच लागते.

हर्णैच्या बंदरावर आम्ही जास्त वेळ काढला. होड्यांतला माल बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येतो, चाकं ओल्या वाळूत रुततात तेव्हा एक कचकच असा आवाज येतो, वर बैलांच्या घुंगरांचा, आणि त्याच्या पलीकडे लिलावाचे आकडे. मी छोटा ट्रायपॉड वाळूत रोवून बसले तर एक मावशी आल्या, म्हणाल्या काय गो करतेस? सांगितलं. मग म्हणाल्या, ऐकव बघू काय येतंय त्यात. हेडफोन त्यांच्या कानाला लावले तर एकदम माझा हात धरला त्यांनी, "अगो ही माझी जाऊ ओरडतेय, तिकडे पार त्या टोकाला!" मला त्या गर्दीत तो आवाज वेगळा ऐकूच आला नव्हता. तेव्हापासून मी ठरवूनच टाकलं, ज्यांचा आवाज घेतला त्यांना आधी ऐकवायचं, आणि त्यांनी जे ओळखलं ते लगेच फाइलच्या नावासोबत लिहून ठेवायचं. जास्तीचे हेडफोन न्या, एकच जोड असेल तर हे होत नाही.

भरतीचं सांगते. खाडीचा आवाज भरतीला एक, ओहोटीला एक, आणि पाणी फिरतं त्या वेळी तिसराच, त्यामुळे वेळ माहीत असणं गरजेचं. फोनमध्ये टाइड टेबल होतंच. वेश्वीला जेटीवर एका दादांनी जुना हिशोब सांगितला, तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, भरती सहाच्या सुमारास. टेबलाशी पडताळत गेलो, कधी अर्धा तास, कधी त्याहून थोडा जास्त फरक, पण फोन बंद पडला तरी पुरेल इतकं नक्की. हेच दादा मासेमारीला जाताना इन्कॉइस या सरकारी समुद्र-संस्थेचा मासळीच्या जागांचा अंदाज बघतात, होडीवर जीपीएस आहे. दोन्ही वापरतात आणि दोन्हीवर त्यांचा विश्वास आहे, मला हे फार आवडलं.

वेळास तर वाटेवरच आहे, बाणकोटच्या जवळ. कासवांच्या हंगामात गेलात तर पिल्लं समुद्रात सोडताना बघता येतात, सकाळ-संध्याकाळ, गावकरीच व्यवस्था बघतात. फ्लॅश नाही, टॉर्च नाही, दोरीच्या मागे उभं राहायचं. याच किनाऱ्यावर जानेवारी 2022 मध्ये एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग लावला, तिचं नाव प्रथमा. भारतीय वन्यजीव संस्था आणि मँग्रोव्ह फाउंडेशनचं काम. पुढच्या वर्षी गुहागरला टॅग केलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात पोचली, आणि लोक घरबसल्या नकाशावर तिचा ठिपका बघत होते. आपण पन्नास किलोमीटरला दमतो, ती एवढं पोहते, आणि हे कळलं केवळ पाठीवरच्या त्या टॅगमुळे.

रत्नागिरीच्या खाली पूर्णगड, गावखडी करत गेलात तर कशेळीचा हत्ती चुकवू नका. जांभ्याच्या सड्यावर कोरलेलं कातळशिल्प, जवळजवळ 18 बाय 13 मीटर, आणि हत्तीच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारून ही शिल्पं शोधली, 2022 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. जमिनीवर उभं राहून हत्ती दिसतच नाही, रेषा दिसतात नुसत्या. भाऊने तिथल्याच एकांकडून लांब बांबू मागून घेतला, टोकाला फोन बांधला, टायमर लावला आणि तुकड्या-तुकड्याने वरून फोटो काढून फोनवरच जोडले, मग ते समोर ठेवून चित्र काढलं. उन्हं कलल्यावर जा, तिरप्या उजेडात रेषा उठतात, दुपारी बारा वाजता काही दिसत नाही. शिल्पावर पाय ठेवू नका, बूट काढूनही नाही. ड्रोन न्यायचा असेल तर 250 ग्रॅमच्या आतल्याला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण लाल झोन, म्हणजे परवानगीशिवाय उडवता न येणारा भाग, त्यालाही लागू आहे, सरकारच्या डिजिटल स्काय साइटवर नकाशा बघूनच उडवा.

चार्जिंग. 20000 एमएएचची पॉवर बँक म्हणजे हातात येतात बारा-तेरा हजारच, 5000 च्या फोनला अडीच वेळा पुरतं असं धरा. दोघांत दोन नेल्या. दिवसभर स्क्रीन बंद, नकाशा आवाजावर, रेंज नसेल तिथे एअरप्लेन मोड, त्यातही जीपीएस चालतं. मुक्कामाला पोचल्या पोचल्या आधी चार्जिंग, मग चहा, कारण रात्री लाइट जाते. खोलीत सॉकेट एकच असतं, मल्टिप्लग न्या. खारी हवा यंत्रांना खाते, त्यामुळे डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि रोज रात्री सुक्या फडक्याने पुसणं.

सुरक्षेचं वेगळं सांगते कारण मुलींना घरून पहिला प्रश्न तोच येतो. 2018 च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने शिडाच्या होडीतून जगाला फेरी मारायच्या शर्यतीत भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी यांना जीपीएसवर होडी चालवायची परवानगी नव्हती, नियमच तसा, पण हिंदी महासागरात वादळात पाठ दुखावली तेव्हा सॅटेलाइट मेसेज करता आला आणि फ्रेंच जहाज ओसिरिसने त्यांना वाचवलं. वाट शोधायचं साधन आणि जीव वाचवायचं साधन वेगळं ठेवायचं, हे मी तिथून घेतलं. आपल्याकडे सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर परवानगीशिवाय बाळगणं बेकायदेशीर आहे, परदेशातून कुणी आणून दिला तरी नेऊ नका. आम्ही एक साधा बटणांचा फोन, वेगळ्या कंपनीचं सिम घालून, बंद करून तळाशी ठेवला होता. 112 कुठल्याही नेटवर्कवर लागतो. आईला लाइव्ह लोकेशन दिलं होतं पण सोबत हेही सांगितलं होतं की खाडीत उतरलो की ठिपका थांबतो, संध्याकाळचा मेसेज आला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत वाट बघ, मग फोनाफोनी कर. हे आधी ठरलं असलं की तीही शांत आणि आपणही.

परत येताना सावंतवाडीहून कोकण रेल्वे. सायकल पार्सलमध्ये बुक होते, गाडीच्या दोन तास आधी पोचा, पेडल आत वळवा, नाव-नंबर-स्टेशन मोठ्या अक्षरात लिहून दोन ठिकाणी बांधा. मेमरी कार्डं पार्सलच्या सामानात ठेवू नका. आम्ही रोज रात्री ओटीजीने (कार्ड थेट फोनला जोडायची तार) फोनवर कॉपी घेत होतो आणि कार्ड माझ्याकडे, फोन भावाकडे.

घरी आल्यावर पहिल्यांदा ज्यांचे आवाज घेतले त्यांना ते पाठवले. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. हर्णैच्या मावशींच्या मुलाने उलट व्हॉइस मेसेज पाठवला, कुठल्या मिनिटाला कुठल्या मासळीचा लिलाव चाललाय ते सगळं ओळीने सांगणारा. तोही आता त्याच फोल्डरमध्ये ठेवलाय, लिलावाच्या फाइलशेजारी.