शातो-शालों : मेथीदाण्याच्या वासाची वाईन

शातो-शालोंची बाटली उघडली की मेथीदाण्यांचा वास येतो, त्यामागून अक्रोड. नागपुरात ती चारचौघांत उघडली तर कुणीतरी "खराब झाली वाटते" म्हणणारच. झालेली नसते. मेथीत सोटोलॉन नावाचं जे रसायन असतं, तेच या वाईनमध्ये तयार होतं आणि त्याच्यासाठीच ती सहा वर्षं पिंपात थांबलेली असते.

शातो-शालों हे फ्रान्सच्या जुरा भागातलं गाव, कड्याच्या टोकावर आहे. खाली उतारावर करडी, चुनखडीमिश्रित चिकणमाती. अपेलेशन, म्हणजे ठरावीक भागातल्या वाईनलाच ते नाव देणारी कायदेशीर मान्यता, १९३६ चं, चार गावांचं, बागा जेमतेम पन्नासेक हेक्टर. द्राक्षाची जात एकच, सावान्यँ, आणि वाईनही एकच, व्हाँ जोन, म्हणजे 'पिवळी वाईन'. त्याच उतारावर दुसरी कुठली वाईन केली तर तिला हे नाव लावता येत नाही.

रस नेहमीसारखा आंबवतात. पुढे मात्र गंमत आहे. ओकच्या जुन्या, बहुधा २२८ लिटरच्या पिंपात वाईन भरताना वर थोडी जागा सोडतात. एरवी वाईन उडून कमी झाली की पिंप पुन्हा भरून काढतात, नाहीतर व्हिनेगर व्हायचं. इथे ते मुद्दाम टाळतात. वर यीस्टचा सायीसारखा थर धरतो. तो वाईनला हवेपासून जपतो आणि अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड बनवतो, ज्यातून पुढे सोटोलॉन येतं. थर नीट धरला नाही की ॲसिटिक बॅक्टेरिया फावतात आणि आंबटपणा चढतो. म्हणून दर पिंपातले नमुने ठरावीक काळाने तपासतात, लक्षणं दिसली की ते पिंप बाजूला काढतात.

थराखाली किमान ६० महिने, आणि पिंपातला मुक्काम सुगीनंतरच्या सहाव्या वर्षीच्या १५ डिसेंबरपर्यंत. २०१८ ची वाईन त्यामुळे २०२५ उजाडल्यावर विक्रीला. बाटली ६२ सेंटिलिटरची, बुटकी, रुंद खांद्यांची. एका लिटरातून शेवटी एवढीच उरते, असं तिथे सांगतात. फिनो या स्पेनच्या कोरड्या शेरीशी तुलना होतेच, पण फिनोत सहसा वरून अल्कोहोल घालतात, इथे नाही.

आमच्या मते या अपेलेशनचा खरा स्वभाव नकारात दिसतो. सुगीआधी बागांची पाहणी होते. १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ या वर्षी शातो-शालों निघालीच नाही.

आता नागपूरचं. परदेशातून येताना माणशी दोन लिटरची करमुक्त सवलत आहे, त्यात या तीन बाटल्या बसतात (१.८६ लिटर). मे महिन्यात समृद्धीवरून येणार असाल तर बाटल्या डिकीत ठेवू नका. तापलेली वाईन फुगून बूच वर ढकलते. प्यायची १४ ते १६ अंशांवर. आपल्याकडे 'रूम टेंपरेचर' हा शब्द विसरा, फ्रिजमधून काढून तेवढी कोमट होऊ द्या, मग ओता. तासभर आधी उघडलेली बरी.

सावजीसोबत नको. तिखटावर १४ टक्क्यांची वाईन जाळ आणखी वाढवते. जुनं काँते चीज, अक्रोड, मशरूम घातलेलं मलईदार चिकन हे तिचे सोबती. मिरची आवरून केलेला गोळाभातही चालतो, हिंगाच्या फोडणीसकट.

उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे सहज टिकते, हवेची सवय तिला पिंपातच झालेली असते. चिकनच्या रश्श्यात घालायची तर थोडी आधी घालून आटवायची आणि दोन चमचे राखून ते गॅस बंद केल्यावर. सगळी उकळली तर तो वास उडून जातो.