मदर ऑफ पर्ल ओळखायला मी अशी शिकले

दागिन्यावर कुठे मदर ऑफ पर्ल लिहिलेलं असतं, कुठे नुसतं शेल, कुठे शेल पर्ल, आणि मला तर हे सगळं एकच वाटायचं, म्हणून एकदा नीट समजून घ्यायचं ठरवलं.

मदर ऑफ पर्ल म्हणजे मोती नव्हे, मोती ज्या शिंपल्यात होतो त्याचं आतलं चमकदार अस्तर. मोत्यावर थर चढतात तेही ह्याच पदार्थाचे. अ‍ॅरागोनाइट ह्या चुन्यासारख्या खनिजाच्या बारीक चकत्या, प्रत्येकीची जाडी अर्ध्या मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाच्या) आसपास, एकावर एक रचलेल्या आणि मधे प्रोटीनचा अगदी पातळ थर. इतक्या पातळ थरांवरून परत येणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि ती गुलाबी-हिरवी झाक दिसते, म्हणजे ती झाक रंगाची नाहीच, रचनेची आहे! हे वाचल्यावर मी घरातलं एकेक कानातलं दिव्याखाली तिरकं करून बघत बसले.

मग लक्षात आलं की प्रत्येक शिंपल्याला असं अस्तर नसतं. कवडी किंवा क्वीन कॉंच हा मोठा समुद्री शंख चिनीमातीसारखा दिसतो, कॅमिओ म्हणजे उठावाचं चित्र ज्यात कोरतात तो हेल्मेट शेल नावाचा शंखही तसाच, त्यात सौंदर्य दोन रंगांच्या थरांचं असतं. त्यामुळे नुसतं शेल लिहिलं असेल तर मी विचारतेच, कुठला? पांढरा चंदेरी बहुतेक वेळा पिंक्टाडा मॅक्झिमा ह्या मोठ्या मोती-शिंपल्याचा, करडा-हिरवट काळ्या ओठाच्या शिंपल्याचा, आणि तो झगझगीत निळा-हिरवा अबालोनी ह्या समुद्री गोगलगायीचा, न्यूझीलंडमधे त्यालाच पावा म्हणतात. शेल पर्ल मात्र वेगळंच, शिंपल्याच्या मण्यावर वरून कोटिंग चढवलेलं.

आता घेताना मी पहिल्यांदा गालाला लावते, शिंपला गार लागतो, प्लास्टिक तेवढं लागत नाही. मग मागची बाजू आणि कडा. अबालोनीची पातळ चकती चिकटवून वर रेझिन (पारदर्शक प्लास्टिकसारखा थर) ओतलेलं बऱ्याचदा असतं, त्यात वाईट काही नाही पण विकणाऱ्याने सांगायला हवं. सगळीकडे एकसारखा भडक गुलाबी म्हणजे रंगवलेला.

लिंबू-व्हिनेगर लावून बघायचं नाही हं, अ‍ॅसिडमधे तो विरघळतो. परफ्यूम आधी, दागिना नंतर. साफ करायला अल्ट्रासॉनिक मशीन नको, ओलसर मऊ कापड पुरतं. खनिजांच्या कठीणपणाच्या एक ते दहाच्या मोजपट्टीवर (मोह्स) ह्याचा जेमतेम साडेतीन, धुळीतल्या वाळूचा सात, म्हणून कोरडं घासलं की चरे पडतात. अंगठी घ्यायची तर कडा धातूत बसवलेलीच घेते, पेंडंटला एवढं बघत नाही.