निळी, हिरवी, ऑलिव्ह: मुंबईच्या हवेत अंडी उबवताना

मुंबईत कोंबडीची अंडी पेटीत उबवणाऱ्याला तापमानापेक्षा दमटपणाच जास्त छळतो. ३७.५ अंश धरून ठेवणं त्यामानाने सोपं. थर्माकोलची पेटी, ४० वॅटचा पिवळा बल्ब, कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा आणि लॅमिंग्टन रोडवर मिळतो तो डब्ल्यू-१२०९ थर्मोस्टॅट (तापमान बघून बल्ब चालू-बंद करणारा), एवढ्यात भागतं. सेन्सर अंड्यांच्या उंचीवर ठेवायचा, बल्बच्या थेट झळीत नाही. थर्मोस्टॅटच्या आकड्यावर मात्र विसंबू नये, तापाच्या थर्मामीटरने पडताळून घ्यावं. थर्मोस्टॅटमधला रिले, म्हणजे बल्बचा स्विच, चिकटला की बल्ब विझतच नाही आणि ४० च्या वर काही तास गेले की गर्भ मरायला लागतात. म्हणून त्याच वायरीवर मी दुसरा थर्मोस्टॅट ३८.५ ला लावून ठेवतो.

आता दमटपणा. पहिले १८ दिवस पेटीत ४५ ते ५० टक्के आर्द्रता हवी. पावसाळ्यात खोलीत २९ अंश आणि ८५ टक्के असेल, तर तीच हवा ३७.५ पर्यंत तापल्यावर सुमारे ५३ टक्क्यांवर येते. म्हणजे वाटीत एक थेंबही पाणी न ठेवता आपण मर्यादेच्या वर! जानेवारीत २२ अंश आणि ५० टक्के असली, तर पेटीत जेमतेम २० टक्के उरते आणि पाण्याची वाटी लागतेच. त्यामुळे ‘वाटीभर पाणी ठेवा’ हा सरसकट सल्ला इथे उपयोगाचा नाही. पावसाळ्यात मी पेटी एसीच्या खोलीत हलवतो, हवा आपोआप कोरडी होते.

स्वस्तातल्या आर्द्रतामापकापेक्षा माझा भरवसा वजनकाट्यावर. १८ व्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन ११ ते १३ टक्के घटलं पाहिजे. ५० ग्रॅमचं अंडं रोज सुमारे ०.३३ ग्रॅम हलकं व्हायला हवं, म्हणजे १८ दिवसांत ६ ग्रॅम. ०.१ ग्रॅमचा काटा घ्यायचा, अंड्यावर पेन्सिलीने नंबर घालायचा आणि ७ व्या, १४ व्या, १८ व्या दिवशी वजन वहीत लिहायचं. वजन कमी घटलं तर हवेची पोकळी लहान राहते. पिल्लू फुगलेलं, ओलं असतं आणि चोच पोकळीत घालण्याआधीच गुदमरतं. पूर्ण वाढलेली पिल्लं कवच न फोडताच मेलेली दिसली, तर आधी वजनाचे आकडे बघावेत.

बाकीचं नेहमीचंच. अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवायची, विषम संख्या म्हणजे रात्रीची बाजू रोज बदलते. १८ व्या दिवशी फिरवणं बंद, आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि झाकण बंद. पहिला तडा दिसल्यापासून पिल्लू बाहेर यायला २४ तासही लागतात. तेवढ्यात झाकण उघडलं की आतली पातळ त्वचा सुकून पिल्लाला चिकटते.

कुरियरने आलेली अंडी निमुळतं टोक खाली करून दिवसभर स्थिर ठेवावीत. ती धुवायची नाहीत. तपकिरी रंगाचा बराचसा भाग कवचाच्या वरच्या थरात असतो, आणि जंतू अडवणारा थरही तोच.

रंगाचं गणित इथूनच सुरू होतं. तपकिरी रंग वरून चढतो, निळा मात्र कवचात आरपार भिनतो. म्हणून अंडं फोडून आतली पातळ त्वचा सोलून बघायची. आत निळसर दिसलं तर निळ्याचा जनुक आहे, आत पांढरं तर वरून कितीही हिरवट वाटो, नाही. ‘अराउकाना’ या निळ्या अंड्यांच्या जातीची म्हणून अंडी विकणाऱ्याकडे मी आधी आतल्या बाजूचा फोटो मागतो.

निळ्याचा जनुक प्रबळ आहे, आई किंवा बाप, एकाकडून मिळाला तरी पुरतो. त्यावर तपकिरी चढला की हिरवा, मारान्स जातीच्या अंड्यांसारखा गडद तपकिरी चढला की ऑलिव्ह. पण ऑलिव्ह अंड्याची कोंबडी शुद्ध वाणाची नसते. निळ्याचा एकच जनुक असलेली ऑलिव्ह कोंबडी मारान्स कोंबड्याला दिली, तर साधारण निम्म्या तलंगांना (तरुण कोंबड्यांना) निळा मिळतो, बाकीच्या गडद तपकिरी अंडी घालतात.

खरी अडचण कोंबड्याची. तो अंडी घालत नाही, त्याचे जनुक मुलींवरूनच कळतात. त्याला पांढरी अंडी घालणाऱ्या लेगहॉर्न जातीच्या कोंबडीशी जोडायचं. निळ्याचा एकच जनुक असलेल्या कोंबड्याच्या पाच तलंगा ओळीने निळी अंडी घालण्याची शक्यता ३२ मध्ये १ असते, म्हणून पाचही निळ्या निघाल्या तर त्याच्याकडे निळ्याचे दोन जनुक आहेत असं मी धरतो. तलंग अंड्यावर यायला पाच-सहा महिने लागतात, तोवर पिल्लांच्या पायात रंगीत कडी हवीत.

पिल्लाच्या बसक्या, तीन ओळींच्या तुऱ्यावरून निळा ओळखावा, असं सांगतात. निळ्याचा आणि तुऱ्याचा जनुक एकाच गुणसूत्रावर शेजारी असल्याने बरेचदा ते जमतंही. पण आपल्याकडे असील या झुंजीच्या जातीचं रक्त बऱ्याच कळपांत आहे. असीलला तोच तुरा असतो आणि निळ्याचा जनुक नसतो. अशा कळपात तुरा बघून पिल्लं काढून टाकणं म्हणजे नुकसान.

तपकिरी थर हंगामभर एकसारखाही राहत नाही. पहिली अंडी सर्वांत गडद, मग वय आणि उन्हाळ्याच्या तडाख्याने फिकट. दोन तलंगांची तुलना करायची तर दोघींची पहिल्या महिन्यातलीच अंडी शेजारी ठेवून करावी.