अशिलाचे पैसे कुणाच्या खात्यात?

वकिली म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर काळा कोट आणि युक्तिवाद येतो, पण इथे गोव्यात, बार्देस-तिसवाडी तालुक्यांत, आमच्यातल्या कितीतरी जणांचं पोट चालतं ते भाटं (माडांच्या बागा), जुनी घरं आणि फ्लॅट यांच्या व्यवहारांवर. टायटल सर्च करा, म्हणजे मालकी कुणाची ते शोधा, एक-चौदाचे (जमिनीच्या नोंदीचे) उतारे काढा, पोर्तुगीज काळातलं डीड कुणाकडून तरी वाचून घ्या, इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटायची कोर्टातली प्रक्रिया) झालीय का बघा, नवरा-बायको दोघांच्या सह्या आहेत का बघा (आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या सिव्हिल कोडमुळे ते लागतंच), आणि मग सेल डीड. हे सगळं आम्ही कोर्टाच्या आवारात तासनतास बोलतो. पैशाचं मात्र कुणी बोलत नाही. टोकनचे पैसे, स्टॅम्प ड्युटीचे पैसे, कधी परदेशातल्या भावाचा अख्खा हिस्सा, हे सर्रास वकिलाच्या स्वतःच्या सेव्हिंग खात्यात येतात आणि तिथून पुढे जातात. बहुतेक वेळा नीट जातात, उगाच सगळ्यांना चोर ठरवायचं नाहीये मला.

हे डोक्यात यायचं कारण माझा इंग्लंडात स्विंडनला राहणारा एक अशील. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेला, तिकडे घर घेतलेला माणूस, आता इथला वडिलोपार्जित हिस्सा विकतोय. त्याने फोनवर सरळ विचारलं, "वकीलबाई, तुमच्या क्लायंट अकाऊंटचा नंबर पाठवा." मी म्हटलं तसं काही नसतं इथे, खरेदीदार चेक थेट तुझ्या एनआरओ खात्यात (परदेशात राहणाऱ्यांचं इथलं बँक खातं) भरेल, माझ्याकडे फक्त फी आणि खर्चाचे द्यायचे. त्याला पटेना. तिकडच्या सॉलिसिटरने, म्हणजे घराचे व्यवहार बघणाऱ्या वकिलाने, त्याच्याकडून पासपोर्ट, बँकेचे स्टेटमेंट, डिपॉझिटचे पैसे कुठून जमवले ते सगळं मागितलं होतं, आणि घराची रक्कम गेली ती सॉलिसिटरच्या क्लायंट अकाऊंटमधून, म्हणजे फक्त अशिलांचे पैसे ठेवायच्या वेगळ्या खात्यातून. तो म्हणाला इथे तुम्ही मला काहीच विचारलं नाही. विचारायची सक्ती आमच्यावर नाही हे त्याला कसं समजावणार.

सक्ती खरंच नाही. मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली मे २०२३ मध्ये केंद्राने चार्टर्ड अकाऊंटंट, कंपनी सेक्रेटरी, कॉस्ट अकाऊंटंट यांना आणलं, अशिलासाठी जमीन-घर खरेदी-विक्रीचे व्यवहार केले तर संशयास्पद व्यवहार सरकारला कळवायची जबाबदारी त्यांच्यावर, वकील मात्र बाहेर. वकिलांवर नजर ठेवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत अशिलाच्या पैशाचा हिशोब ठेवा, पैसे आले की त्याला लवकरात लवकर कळवा, असं सगळं आहे, पण वेगळं बँक खातं उघडाच असं कुठे नाही. आणि हिशोब तपासायला कोण येतं? कोणी नाही. तक्रार झाली तरच वही उघडायची.

इंग्लंडमध्ये सगळं छान चाललंय असं समजू नका हं. तिकडे २००७ च्या लीगल सर्व्हिसेस अॅक्टच्या सुमारास सॉलिसिटर्सची संघटना आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी संस्था वेगळ्या केल्या, लॉ सोसायटी एकीकडे आणि सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी दुसरीकडे, बोर्डावर बहुमत वकील नसलेल्यांचं. तरीसुद्धा २०२३ मध्ये अॅक्सिअम इन्स नावाची फर्म बंद पाडावी लागली आणि अशिलांचे सुमारे ६ कोटी पौंड गायब निघाले. नियामकाने नीट पावलं उचलली नाहीत असा ठपकाही आला. पण पुढचं बघा. अशिलांची भरपाई करायला नुकसानभरपाई फंड होता, तो सॉलिसिटर्सच्याच वर्गणीतून चालतो, आणि त्या खड्ड्यामुळे प्रत्येक सॉलिसिटरची वर्षाची वर्गणी २०२४ मध्ये ३० वरून ९० पौंडांवर गेली. म्हणजे एकाने खाल्लं तर सगळ्यांच्या खिशाला चाट. त्याच वर्षी तर सॉलिसिटरने अशिलाचे पैसे मुळात हातात घ्यावेत का, यावरच तिकडे विचार सुरू झाला.

आपल्याकडे असा फंडच नाही. अशिलाने करायचं काय तर अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे तक्रार. आपली कौन्सिल महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक, ऑफिस मुंबईत. डिसिप्लिनरी कमिटीत तिघं, तिघेही वकीलच. एका वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं, तिथून पुढे सुप्रीम कोर्ट. सत्तरीतल्या एखाद्या म्हातारीने हे करायचं म्हणजे बघा. ग्राहक मंचाचा रस्ता होता, तोही १४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टाने बंद केला, वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही म्हणून. कोर्टात सगळं वकिलाच्या हातात नसतं, हरलेला प्रत्येकजण मंचात जाईल, हे म्हणणं मला पटतं. पण स्टॅम्प ड्युटीचे पैसे भरलेच नाहीत यात कोर्टाचा काय संबंध?

दुसरा प्रश्न याहून अवघड, दोन्ही बाजूंचा एकच वकील. इन्व्हेंटरीत हे अगदी जवळून दिसतं. आई गेली, पाच भावंडं, सगळी एका गाडीतून येतात, "आमचं भांडण नाही, तुम्हीच सगळ्यांचं बघा." थोरला काबेसा-द-काझाल, म्हणजे कुटुंबप्रमुख म्हणून इन्व्हेंटरी चालवणारा, होतो, मालमत्तेची यादी होते, इथपर्यंत सगळं गोड. मग लिसिटेशनची तारीख येते. म्हणजे भावंडांनीच आपापसात बोली लावायची, जास्त बोली त्याची मालमत्ता, बाकीच्यांना पैसे. घरासमोरच्या भाटावर थोरल्याचा पण डोळा आणि मुंबईच्या बहिणीचा पण. आदल्या रात्री थोरला फोन करून विचारतो, वकीलबाई कितीपर्यंत जाऊ? अर्ध्या तासाने बहीण हेच विचारते. आता मी दोघांना काय सांगू, आणि थोरल्याचा आकडा मला माहीत असताना बहिणीला दिलेला सल्ला सल्ला राहतो का. मी अशा वेळी एकालाच ठेवते आणि बाकीच्यांना आधीच दुसरा वकील बघायला सांगते, त्यावरून "बाई फी सोडते" म्हणून हसणारेही आहेत.

नियम काय म्हणतो, तर ज्या पक्षाचं काम केलं त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाकडून उभं राहू नका. नियम लिहिताना डोळ्यासमोर कोर्टातली भांडणं होती, सेल डीड आणि इन्व्हेंटरी नव्हती. त्यामुळे बिल्डरचा वकीलच फ्लॅट घेणाऱ्याला "टायटल क्लिअर आहे, काळजी करू नका" सांगतो, वर घेणाऱ्याकडूनच ड्राफ्टिंगची फी घेतो, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. गोव्यात जमिनी हडपायची प्रकरणं निघाली, २०२२ मध्ये एसआयटी (विशेष तपास पथक) झाली, निवृत्त न्यायमूर्ती जाधवांचा आयोग झाला, खोटी जुनी कागदपत्रं बाहेर आली. त्यानंतर तरी टायटल रिपोर्ट देणाऱ्याने काय काय तपासलं पाहिजे याचा एखादा कागद आमच्या बार कौन्सिलकडून येईल असं वाटलं होतं. माझ्याकडे तरी आला नाही.

फी बाकी म्हणून फाईल अडवून ठेवणं तर अजून चालू आहे. सुप्रीम कोर्टाने २००० साली आर. डी. सक्सेनांच्या प्रकरणात स्वच्छ सांगितलंय, फीसाठी फाईल अडवता येत नाही, फी पाहिजे तर दावा करा. तरी मूळ डीड कपाटात आणि अशील दारात.

मला विचाराल तर दोनच गोष्टी आधी करा. अशिलाच्या पैशाला वेगळं खातं, त्याशिवाय त्याच्या रकमेला हात लावायचा नाही. आणि काम घेतानाच एक पानाचं पत्र, मी कुणाचा वकील, फी किती, खर्च किती. पत्राचं मी सुरू केलंय, काही अशील घाबरतात, सही कशाला म्हणतात, एकाने तर ते घरी नेऊन पुतण्याकडून वाचून घेतलं आणि मग फीच कमी करून मागितली.

बार कौन्सिलच्या निवडणुका आल्या की उमेदवारांचे फोन येतात, वेलफेअर फंड, चेंबर, ज्युनियरांचा स्टायपेंड. ते हवंच. पण आता फोन आला की मी विचारणार आहे, डिसिप्लिनरी कमिटी ठरलेल्या तारखांना गोव्यात येऊन बसेल का, की तक्रारदाराने मुंबईचीच गाडी धरायची?